तिसऱ्या कपापर्यंत इंजिन चालू

सोमवार, ३० मार्च

नवी वही. पहिली डेन्मार्कात डुकरांच्या फार्मवर राहिली, दुसरी हॉलंडात काचघरातल्या टोमॅटोंत. जागा सोडताना बॅग मी नीट भरतो, तरी काहीतरी मागं राहतंच. शाळा नववीत सोडली, त्यामुळं अक्षरही नववीतलंच राहिलंय. असू दे. वाचणार कोण आहे.

आज उब्बेनबाईंची घरगाडी आली. डिझेलची, लांबलचक, मागं पलंग, मधे शेगडी आणि फ्रीज. बाई सत्तरी ओलांडलेल्या, पण गाडी अंगणात रिव्हर्समधे अशी घातली की आमचे मालक फोक्को आयलर्स हातातला पाना विसरले. आयुष्यभर शाळेची बस चालवली म्हणे. बरोबर बोन्नो नावाचा म्हातारा कुत्रा. तो उतरला आणि थेट माझ्या बुटांवर येऊन बसला.

तक्रारी दोन. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं की आत धुराचा वास येतो, डोकं धरतं. आणि एसी नुसता वारा फेकतो, गार काही नाही.

"नवरा होता तोवर कळलंच नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या चिलमीपुढं सायलेन्सरचा धूर म्हणजे अत्तर."

मालक हसले नाहीत. ते हसतच नाहीत. बाईंना चोवीस एप्रिलला पोर्तुगालला निघायचंय, बहिणीकडं. एकटीनं जायची पहिलीच वेळ. वाटेत स्पेनच्या उन्हात एसी नसेल तर बोन्नो टिकणार नाही, आणि धूर येत राहिला तर त्या स्वतः टिकणार नाहीत. काम झालं नाही तर जायचं रद्द.

मालक मला म्हणाले, "सायलेन्सर तू बघ, पोरा." दिवसभरात त्यांची चार-पाच वाक्यं होतात, त्यातलं हे एक.

मंगळवार, ३१ मार्च

अकराला चहा, तीनला चहा. ह्या लोकांचं काम एक वेळ चुकेल, चहा नाही. मालकीण अलमुटबाई ऑफिस सांभाळतात, चहाही त्याच करतात. पातळ कप, तळाशी खडीसाखर, वरून चहा ओतला की ती तडकते, मग कडेनं साय सोडायची. ढवळायचं नाही. हे मी पहिल्या दिवशी ढवळलं तेव्हा मालकांच्या तोंडावरून कळलं. ढवळायचं नाही तर चमचा देतात कशाला, कोण जाणे. माझं पिऊन झालं की मी तो कपात ठेवतो. ओला चमचा टेबलावर ठेवला की आई हातावर फटका द्यायची, तेव्हाची सवय.

सप्टेंबरात आलो, तेव्हापासून माझा एकच कप. ते दोघं तीन-तीन पितात. किटली माझ्यासमोरून जाते, समोरून परत येते. मालकांनी सुरुवातीला एकदा माझ्या कपाकडं पाहिलं होतं, मग किटली खाली ठेवली. मी तरी किती वेळ बसणार? उठतो आणि गाडीखाली जाऊन आडवा होतो. तिथं कुणाच्या कपाकडं बघावं लागत नाही.

आज उब्बेनबाई पण होत्या. मी उठलो तेव्हा त्यांनी अलमुटबाईंकडं पाहिलं, अलमुटबाईंनी खांदे उडवले. परक्याला एवढा पुरे, असंच असणार.

गुरुवार, २ एप्रिल

धुराची वाट सापडली. सायलेन्सरचं तोंड डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या अलीकडं. त्याच्या बरोब्बर वर फ्रीजच्या जाळ्या. गाडी उभी असली की धूर सरळ वर चढतो, जाळीतून फ्रीजच्या मागं, आणि तिथं फळी नीट बसवलेली नाही, तिच्या फटीतून आत. मी इंजिन चालू केलं आणि फटीशी नाक नेलं. शिंका आल्या. मालकांना बोलावलं, त्यांनीही नाक नेलं, मान हलवली. मग खडू काढून गाडीच्या पोटावर एक लांब रेघ ओढली. सायलेन्सरच्या पुढं कापायचं, पाइप पार मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा, तोंड खाली आणि बाहेर वळवायचं. खडू माझ्या हातात देऊन गेले.

"असं कर" पण नाही, "जमेल का" पण नाही. नुसता खडू.

शनिवार, ४ एप्रिल

ईस्टरची होळी. गावाबाहेर फांद्यांचा डोंगर रचतात आणि पेटवतात. सगळा गाव तिथं. मी पण गेलो, खोलीत बसून काय करणार. एकानं विचारलं, कुणाकडचा तू? म्हटलं, फोक्कोंच्या गॅरेजातला.

"हां, तो होय," तो शेजारच्याला म्हणाला, "लगेच उठून जाणारा."

माझी ख्याती इथवर पोचली तर. डेन्मार्क, हॉलंड, कोण सांगतं यांना? एक बिअर प्यालो. विस्तवाकडं तोंड भाजत होतं, पाठीला समुद्राचा वारा. परत आलो.

आईला फोन केला. तिनं ईस्टरची अंडी कांद्याच्या सालीत रंगवलीत, सहा. कुणासाठी ते विचारलं नाही.

बुधवार, ८ एप्रिल

पाइप बसला. वेल्डिंग माझं मलाच आवडलं. तीन रबरांवर टांगला, हलवला, कुठं आपटत नाही. फ्रीजमागची फट पत्र्याच्या चिकटपट्टीनं बंद केली. दुपारी गाडी समुद्राच्या बांधालगतच्या रस्त्यानं लांबवर नेऊन आणली. आत वास नाही. मेंढ्या सोडल्या तर रस्त्यात कुणी नव्हतं. मी खूष होतो, शीळ घालत आलो.

मग मालक खाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर टॉर्च माझ्या हातात दिला. सांडपाण्याची टाकी प्लास्टिकची, तिच्याजवळून मी पाइप नेला, दोन बोटांवरून. टाकीचा कोपरा मऊ होऊन लोंबला होता, मेणबत्तीसारखा. अजून तासभर चालवली असती तर पोर्तुगालच्या वाटेवर टाकी फुटून सगळं रस्त्यावर.

मालकांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडं डाग्दा गावच्या गॅरेजात उस्ताद हातातली टॉमी फेकून मारायचा, विषय संपायचा. हे हात पुसून चहाला गेले. मी गेलो नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

सकाळी सातला आलो तर काम झालेलं. पाइपला टाकीजवळ वाक दिलाय, मधे पत्र्याची ढाल टांगलीय, कोपऱ्याला नवा तुकडा वितळवून बसवलाय. माझं वेल्डिंग मात्र तसंच ठेवलंय. कापून नवं करता आलं असतं त्यांना. आळस केला असेल.

बाकावर माझ्या हातमोज्यांच्या जागी नवे होते. जुन्यांना भोकं पडलेली. अलमुटबाई गोदामातले कुणाचेही कुठंही ठेवतात.

दुपारी मालक अचानक म्हणाले, "मे महिन्यात आहेस ना इथं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"हं," म्हणाले.

म्हणजे हिशेब चाललाय. उन्हाळ्यात गाड्या रस्त्यावर असतात, गॅरेजात काम कमी, एक माणूस जास्त. त्यात टाकी वितळवणारा. मला ही विचारण्याची तऱ्हा ठाऊक आहे. हॉलंडातही आधी असंच विचारलं होतं.

मंगळवार, १४ एप्रिल

एसी. आत गॅसच उरला नव्हता, सगळा गळून गेलेला. बंपर काढला. नायट्रोजन भरून दाब धरला आणि सांध्या-सांध्यांवर साबणाचा फेस मारत बसलो. सकाळ गेली. काही नाही. काटा मात्र सावकाश खाली येत होता, म्हणजे कुठंतरी आहेच. तीनच्या चहाला मी गेलोच नाही. कंडेन्सरच्या खालची नळी एका पट्टीत अडकवलेली असते, ती पट्टी सोडली. तिच्या मागं, जिथं कुणी बघत नाही तिथं, टाचणीच्या टोकाएवढा एकच बुडबुडा. फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. पट्टीनं घासून घासून नळी झिजलेली.

मी त्याच्याकडं बघत बसलो. बोन्नो पण शेजारी बसून बघत होता. मालक आले, गुडघ्यावर बसले, तेही बघत बसले.

"मला नसता सापडला," म्हणाले.

हे बोलायची पद्धत असेल. त्यांना सगळं सापडतं.

नळी आणि रबरी रिंगा बदलल्या. गॅस मालकच भरणार, त्याला कागद लागतो. कोर्स करावा लागतो, परीक्षा असते. मी हात लावायचा नाही. मशीन लावलं की मी दोन पावलं मागं उभा राहतो, चर्चमधे उभा राहावा तसा.

गुरुवार, १६ एप्रिल

एडगर्सचा फोन. आमच्या गावचा, शाळेत माझ्या मागं बसायचा. आता नॉर्वेत बोटींच्या कारखान्यात आहे. जागा आहे म्हणाला, खोलीत खाट पण आहे, ये. मी म्हटलं, काम कसं आहे? म्हणाला, कामासारखं. शनिवारी पंचवीसची बस, लेअर गावाहून. जागा धरली.

मालकांना सांगितलं नाही. चोवीसला गाडी देऊन झाली की सांगीन. किंवा चिठ्ठी ठेवीन. सांगून निघालं की लोक समजावत बसतात. किंवा बसत नाहीत. दुसरं जास्त वाईट.

रविवार, १९ एप्रिल

गॅरेज बंद. गॅरेजवरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून बघितलं तर उब्बेनबाई अंगणात, आपल्या घरगाडीत बसलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूला नाही, शेजारच्या सीटवर. मांडीवर नकाशा. बराच वेळ तशाच. गाडीला काही झालं की काय म्हणून खाली गेलो.

"काही नाही झालं," म्हणाल्या. "ही माझी बाजू. आठवडाभर बस मी चालवायची, म्हणून सुट्टीत स्टिअरिंग त्याच्याकडं, नकाशा माझ्याकडं. आता नकाशा कोण धरणार, बोन्नो?"

मी म्हटलं, फोनमधे असतो की नकाशा, बाई बोलते त्यात. त्या म्हणाल्या, ती बाई चुकली तर भांडायला येत नाही. मग मला आत बसवलं. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसावं लागलं, पुढं दुसरी जागा नव्हती. माझं नाव नीट म्हणून दाखव म्हणाल्या. युर्गिस. तीन वेळा म्हणून बघितलं त्यांनी. अर्थ काय?

मी सांगितलं, संताचं नाव आहे. आणि आमच्याकडं जुन्या काळी त्या संताच्या दिवशी सालगडी मालक बदलायचे. साल संपलं की बोचकं उचलून दुसऱ्या वाड्यावर. म्हणून अजूनही घर बदललं की लोक म्हणतात, युर्गिसला निघाले.

"आणि आईनं तुझं हे नाव ठेवलं," त्या म्हणाल्या. "मग तुला काय बोलायचं!"

हसल्या. मग विचारलं, "तुझं साल कधी संपतं?"

मी म्हटलं, टायरची हवा बघतो. आणि उतरलो.

गुरुवार, २३ एप्रिल

आज माझा नामदिन, म्हणजे माझ्या नावाच्या संताचा दिवस.

सकाळी लवकर उठून क्लिंगेरिस भाजला. मोठ्या आठच्या आकड्यासारखा वळलेला गोड पाव, मनुका घालून. खोलीतली भट्टी लहान, त्यामुळं आठाचं एक भोक बुजलं. संध्याकाळी गॅरेजातून येताना अंगणाच्या कडेची फुलं घेतली. टेबलावर कागद अंथरला, कप मांडले. असतील नसतील तेवढे, चार. दाराला अडसर लावून ते उघडं ठेवलं. नामदिनाला कुणाला बोलवत नाहीत. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि आलेल्याला चहा-पाव द्यायला घर तयार लागतं. बोलावलं तर ते भीक मागितल्यासारखं होतं.

मालक साडेपाचला खालून गेले. त्यांनी वर उघड्या दाराकडं पाहिलं. हात वर केला, आणि गेले.

मला ठाऊक आहे त्यांना माहीत नाही. इथं हे कुणी पाळत नाही. कुणी विचारलं असतं तर मीच हसलो असतो. पण दार मी उघडं ठेवलंच, आणि जिन्यात वाजलं की उठून बघत होतो. मांजर होतं. दुसऱ्यांदा पण मांजरच होतं.

आईचा फोन आला, तो सोडून द्या, ती आईच आहे.

एक तुकडा खाल्ला. बॅग भरली. उद्या गाडी द्यायची, परवा बस.

शुक्रवार, २४ एप्रिल

सगळं लिहितो, नाहीतर विसरेन.

उब्बेनबाई दहाला आल्या. मालकांनी गॅस कालच भरला होता. बाईंनी चावी लावली, एसी सोडला, समोरच्या जाळीपुढं हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. बोन्नोला उचलून त्याचं नाक तिथं धरलं. मग म्हणाल्या, धुराचं काय? गाडी उभी असताना यायचा, चालताना नाही. तेव्हा उभ्या गाडीत बसून बघायचं. "अलमुट, चहा इथंच आण. इंजिन चालू, एसी चालू, खिडक्या बंद. तीन कप होईपर्यंत कुणी उतरायचं नाही. तीन कपांत वास नाही आला तर मी पोर्तुगालला चालले."

मालकांनी विषारी धूर ओळखणारी डबी आणून टेबलावर ठेवली, साखरेच्या भांड्याशेजारी. आम्ही चौघं त्या छोट्या टेबलाभोवती, गुडघ्याला गुडघा लावून. किटली, साय, खडीसाखर. पहिला कप झाला. डबी गप्प. मी चमचा कपात ठेवला आणि दाराकडं सरकलो.

उब्बेनबाईंनी माझी बाही धरली. "परीक्षा अर्धी टाकून कुठं?"

मी म्हटलं, माझं झालं.

"झालं, की तुला नको आहे?"

मला काही कळेना. मी म्हटलं, एकच तर देतात मला.

खाली इंजिन गुरगुरत होतं. अलमुटबाईंच्या हातात किटली होती, ती त्यांनी धरूनच ठेवली. मालक माझ्या कपाकडं बघत होते.

उब्बेनबाईंनी माझ्या कपातला चमचा उचलला आणि बशीत आडवा ठेवला. "चमचा कपात म्हणजे बास. आणखी नको, मला जायचंय. तो बशीत असेपर्यंत आम्ही ओतत राहतो, मग तू बुडालास तरी."

अलमुटबाई म्हणाल्या, "सप्टेंबरपासून. पहिल्याच कपाला. मी फोक्कोला म्हणायची, पोराला आपल्यात बसायचं नाही, कशाला आग्रह करतोस."

त्यांचे डोळे लाल झाले होते. मी डबीकडं पाहिलं. डबी गप्पच होती, धूर नव्हता.

मला घरातल्या ओल्या चमच्याचं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सांगायला लागलो असतो तर हिवाळाभराचं सगळंच निघालं असतं, गाडीखाली झोपल्याचं पण. मी नुसता कप पुढं केला. मालकांनी किटली बायकोच्या हातातून घेतली आणि स्वतः ओतलं. काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत. साय पण त्यांनीच सोडली.

मग मी म्हटलं, थांबा. वर पळत गेलो आणि उरलेला क्लिंगेरिस घेऊन आलो. शिळा झाला होता. काल माझा नामदिन होता म्हणून सांगितलं. मालकांनी पाव तोडला, चहात बुडवला, खाल्ला. बराच वेळ चावत होते.

"काल दार उघडं होतं, ते त्यासाठी?"

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"आमच्यात बोलवत नाहीत. ज्याला आठवतं तो येतो."

त्यांनी विचार केला. दुसरा तुकडा तोडला.

"आणि आमच्यात चमचा," म्हणाले. "एकूण काय, दोन्हीकडं गाढवंच."

उब्बेनबाई इतक्या हसल्या की कुत्रा भुंकायला लागला. मालकांच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसू असेल तर मी पहिल्यांदा पाहिलं.

तिसरा कप. वास नाही. उब्बेनबाईंनी आपला चमचा कपात ठेवला, टण्ण वाजला, आणि उठून स्टिअरिंगवर बसल्या. आम्ही उतरलो. शेजारच्या सीटवर त्यांनी बोन्नोला बसवलं, पट्टा लावला, त्याच्यापुढं नकाशा उघडून ठेवला. काच खाली करून मला म्हणाल्या, "तुझं साल संपलं की कळव." गाडी फाटकातून वळली तेव्हा मी मागच्या डाव्या कोपऱ्याकडं बघत होतो. धूर खाली आणि बाहेर जात होता, गाडीपासून लांब.

मालकांना बसचं सांगायचं होतं. ते म्हणाले, "गॅसचा कोर्स आहे मे महिन्यात, ओल्डेनबुर्गला. तुझं नाव घालून ठेवलंय. ईस्टरच्या आधीच. नसशील तर काढतो."

मी म्हटलं, बघतो.

"हं," म्हणाले.

सोमवार, २७ एप्रिल

बस शनिवारी गेली. मी लेअरच्या फाट्यापर्यंत गेलो होतो, बॅगशिवाय. का गेलो माहीत नाही. एडगर्स फोनवर चिडला, म्हणाला खाट दुसऱ्याला दिली. दे म्हटलं.

ठरवलं असं काही नाही. बॅग खाटेखाली भरलेलीच आहे. कामाचे बूट तेवढे काढले, ते लागतातच.

अकराला चहाला बसलो. चमचा बशीत. तीन कप झाले तरी काढायचा कधी ते आठवेना, चौथा पण प्यालो. पोटात डुचमळतंय अजून. बाकी सगळं नेहमीसारखंच, पण बसायला त्रास झाला नाही. खोलीत आलो तर मात्र पुन्हा तेच. भिंत, खिडकी, बांध. ते चार कप पण टेबलावरून उचललेले नाहीत अजून.

एक गंमत राहिली. ऑफिसात भिंतीवर कॅलेंडर आहे, टायरवाल्यानं दिलेलं. आज बघितलं तर तेवीस एप्रिलला मालकांनी त्यांच्या जाड पेन्सिलीनं गोल केलाय. झालेल्या तारखेला. आता त्याचा काय उपयोग? विचारणार होतो, मग राहू दिलं. म्हातारी माणसं करतात काहीतरी.